पहा (१४ एमबी)

महापालिका आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो, महापालिका अधिनियमात तसं कलमच आहे, ६७-अ. मधली काही वर्षं ठिकठिकाणी सभागृहच नव्हतं, नुसते प्रशासक, तेव्हा तो कुणी कुणापुढे ठेवला ते सोडा. मला हे अहवाल वाचायची खोड आहे. हवा, पाणी, कचरा, झाडं, गाड्या, आवाज, आणि अलीकडे एलईडी दिवे लावून किती युनिट वाचले, शाळांच्या छतावर किती किलोवॅट सोलर बसलं, असलं सगळं. यंदा एका महापालिकेचा अहवाल डाउनलोडला लावला (नाव नको), तर फाइल शंभर एमबीच्या आसपास. उघडून बघतो तर अख्खा अहवाल आधी छापलाय, मग कलरमध्ये स्कॅन केलाय आणि त्याची पीडीएफ चढवलीय. कार्बन फूटप्रिंटच्या, म्हणजे पालिकेच्या कामांमुळे किती कार्बन हवेत जातो त्या हिशेबाच्या, प्रकरणाची पानं तिरकी. त्यात पथदिवे होते, पंपिंग स्टेशनं होती, बस होत्या, अधिकाऱ्यांच्या गाड्यासुद्धा होत्या. वेबसाइट कुठेच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल वेबसाइटचा कसला आलाय कार्बन, ती काय धूर सोडते का. सोडते, फक्त चिमणी दुसऱ्याच्या गावात असते. वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते तो सर्व्हर चोवीस तास वीज खातो, त्याला गार ठेवायची यंत्रणा वीज खाते, मधलं नेटवर्क खातं, मोबाइल टॉवर खातो, शेवटी आपला फोन खातो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ साली जगभरच्या डेटा सेंटरांनी (असल्या सर्व्हरांची कोठारंच ती) ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे भागात त्या खिडक्या नसलेल्या ठोकळ्यासारख्या इमारती दिसतात ना, त्या याच. सरकारी साइटींसाठी एनआयसीची, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, स्वतःची डेटा सेंटरं आहेत, त्यातलं एक आपल्या पुण्यात. आणि आपली वीज अजूनही मुख्यतः कोळशाची, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात.

मी पोटासाठी वेबसाइटच बनवतो, त्यामुळे हा हिशेब कसा लावतात ते सांगतो आणि त्यातली गंमत पण सांगतो. पान उघडलं की किती एमबी डेटा आला तो बघायचा, एका जीबीमागे किती वीज लागते त्याने गुणायचं, मग विजेच्या कार्बनने गुणायचं, झालं. पण ‘एका जीबीमागे किती वीज’ हेच कुणाला धड माहीत नाही. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं जे सस्टेनेबल वेब डिझाइन मॉडेल आहे त्यात आधी जीबीमागे ०.८१ युनिट धरायचे, २०२४ च्या चौथ्या आवृत्तीत ते फोन-सर्व्हर बनवण्याची ऊर्जा धरूनसुद्धा ०.३ वर आलं. म्हणजे जगातल्या यच्चयावत वेबसाइटी एका रात्रीत अडीचपट स्वच्छ झाल्या, कुणी एक ओळ कोड न बदलता! शिवाय डेटा पुढे ढकलणारा राउटर काय, डेटा कमी गेला म्हणून वीज त्या प्रमाणात कमी खात नाही, तो आपला चालूच असतो. त्यामुळे ‘ही वेबसाइट दर भेटीला १.३७ ग्रॅम कार्बन सोडते’ असले पॉइंटनंतर दोन आकड्यांपर्यंतचे दावे दिसले की मी पुढे सरकतो.

तरी ढोबळ अंदाज हवाच, तर घ्या. २० एमबीची स्कॅन केलेली फाइल, नव्या मॉडेलने ०.००६ युनिट, आपल्या विजेवर चार ग्रॅमच्या जवळपास. जुन्या मॉडेलने अकरा. दहावीच्या निकालाचा दिवस घ्या, दुपारी एक वाजता पंधरा-सोळा लाख मुलं (आणि त्यांचे मामा, काका, क्लासवाले सर) एकाच वेळी तुटून पडतात. समजा सोळा लाख वेळा पान उघडलं आणि ते ५ एमबीचं असलं, तर आठ हजार जीबी, म्हणजे २,४०० युनिट, म्हणजे पावणेदोन टनाच्या आत. तेच पान १०० केबीचं असलं, आणि निकालाच्या पानावर सहा-सात विषयांचे मार्क सोडून असतं काय, तर ४८ युनिटमध्ये भागतं.

पावणेदोन टन मोठा वाटतो ना? चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे, पूर्ण क्षमतेने चाललं तर सेकंदाला पाऊण टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणजे निकालाच्या दिवशीचा आपला सगळा काटकसरीचा हिशेब चंद्रपूरच्या दोन-अडीच सेकंदात संपला. माझा एक मित्र महावितरणला लागतात तसल्याच मीटरांच्या धंद्यात आहे, त्याला हे सगळं ऐकवलं तर तो म्हणाला, मग कशाला डोकं खातोस, जा झोप.

झोपलो नाही, कारण खरा हिशेब मला दुसरीकडेच दिसायला लागला.

आमचा गावाकडचा दादा, चुलतभाऊ, त्याला मुलीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. अर्ज ऑनलाइन करता येतो, त्याच्याकडे फोन आहे, नेट आहे, तो काही अडाणी नाही, कृषी पदविका झालेला माणूस आहे. पण फोन आठ हजाराचा, चार वर्षं जुना, स्टोरेज कायम फुल, आणि गावात संध्याकाळी नेट गोगलगायीचं. होमपेजवर आधी मोठमोठे फोटो सरकणार, मग वरची पट्टी पळणार, मग पॉपअप, मग कॅप्चा, तो येईपर्यंत सेशन संपलेलं. शेवटी गाडीला किक मारली आणि गेला तालुक्याला सेतूत, जाऊन-येऊन २४ किलोमीटर. गाडी लिटरला पन्नास देते म्हणतो, म्हणजे अर्धा लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका फेरीत किलोभर. वरची २० एमबीची फाइल अडीचशे वेळा डाउनलोड करा, तेव्हा कुठे ही एक फेरी भरून निघते. आणि सेतूत एका फेरीत काम होतं असं महाराष्ट्रात कुणी छातीठोकपणे सांगेल का? तिथे गेल्यावर परत झेरॉक्स, फोटो, स्टॅम्प, आणि सेतूवाला पोरगा तीच साइट उघडून बसलेला, फक्त त्याचा कॉम्प्युटर बरा.

हा जो पेट्रोलचा किलो आहे तो कुणाच्याच खात्यात लिहिला जात नाही. साइटवाल्या कार्यालयाच्या खात्यात नाही कारण गाडी दादाची, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्याच्या खात्यात नाही, अहवालात तर नाहीच नाही. उलट कागदावर ती ‘ऑनलाइन सेवा’ म्हणून हिरवी दाखवली जाते. उलटं उदाहरण पण आहे आणि ते द्यायलाच पाहिजे: डिजिटल सहीचा सातबारा. १५ रुपये भरले की घरबसल्या मिळतो, तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून भाऊसाहेबच) दारात जावं लागत नाही. किती हजार फेऱ्या त्याने वाचवल्या असतील. चालणारी साइट ही पर्यावरणाची केवढी मोठी योजना असते बघा, आणि न चालणारी किंवा फक्त भारी फोनवर चालणारी साइट ही तेवढीच उलटी.

दुसरा हिशेब फोनचा. स्मार्टफोन त्याच्या आयुष्यात साधारण ५०-६० किलो, मोठा असेल तर जास्तच, कार्बनला कारण होतो आणि त्यातला बहुतेक तो कारखान्यात बनतानाच झालेला असतो, चार्जिंग वगैरे किरकोळ. म्हणजे आहे तो फोन दोन वर्षं जास्त वापरणं हेच सगळ्यात स्वस्त आणि मस्त. पण साइटी, ॲप जड होत जातात आणि फोन ‘स्लो झाला’ असं वाटायला लागतं, तो स्लो झालेला नसतो हो, त्याच्या डोक्यावर ओझं वाढलेलं असतं. खाजगी कंपन्यांनी हे करावं हे वाईटच, पण तिथे निदान दुसरं दुकान असतं. जन्मदाखल्याला दुसरं दुकान नाही.

ओझं येतं कुठून ते मी आत शिरून बघतो, धंदाच तो. पहिलं, स्लायडर, म्हणजे होमपेजवरचे ते सरकणारे फोटो. मान्यवरांचे फोटो, कॅमेऱ्यातून काढले तसेच चढवलेले, पाच-पाच एमबीचे, आणि दिसतात फोनवर चार बोटांएवढे. दुसरं, न वापरलेल्या स्क्रिप्टांचा (पानासोबत येणाऱ्या कोडचा) ढीग, एक मेनू हलवायला चार लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे. तिसरं, बंद झालेल्या योजनांच्या, झालेल्या महोत्सवांच्या, पाच वर्षांपूर्वीच्या अभियानांच्या वेगवेगळ्या साइटी, ज्यांचा कुणी वाली नाही पण सर्व्हर चालू आहे. खाली ‘आपण अमुक क्रमांकाचे पाहुणे आहात’ हा काउंटर मात्र सगळीकडे फिट्ट चालतो.

आणि चौथं, म्हणजे खरं तर पहिलं, स्कॅन. यावर मी तासभर बोलू शकतो. पत्र कॉम्प्युटरवर टाइप होतं, म्हणजे ते मुळात डिजिटलच असतं. दोन पानांचं युनिकोडमधलं (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसतं त्या पद्धतीतलं) पत्र थेट पीडीएफ केलं तर शे-दोनशे केबी. पण ते टाइप झालेलं असतं कृतिदेव नाहीतर श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टांत, दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की नुसत्या इंग्रजी अक्षरांची खिचडी, म्हणून प्रिंट काढायची. मग सही, गोल शिक्का, जावक क्रमांक पेनाने. मग स्कॅनर, तो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) कलरवर सेट केलेला कारण कुणी बदललाच नाही. ए-४ पान ३०० डीपीआयला म्हणजे २४८० गुणिले ३५०८, सत्त्याऐंशी लाख ठिपके, पांढऱ्या कागदावरच्या काळ्या अक्षरांसाठी. ती फाइल साइटवर, तिथून व्हॉट्सॲपवर, मग शिक्षकांच्या ग्रुपला, ग्रामसेवकांच्या ग्रुपला, अंगणवाडी ताईंच्या ग्रुपला, प्रत्येक फोनवर तिची एक कॉपी कायमची. त्यातला मजकूर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, अंध माणसाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तिथे फक्त चित्र दिसतं. आणि मंत्रालयातून निघणारा जीआर बघा, टाइप केलेला, शेवटी ‘डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे’, वर संकेतांक, फाइल छोटी, शोधता येते. म्हणजे राज्यात हे जमतं. मंत्रालयापासून तालुक्यापर्यंत येईस्तोवर कुठेतरी स्कॅनर आडवा येतो.

गंमत अशी की वजन सांगायची पद्धत आपल्याकडे आधीच आहे. केंद्राची सरकारी वेबसाइटींसाठी नियमावली आहे, २००९ पासून, तिसरी आवृत्ती २०२३ ची, आणि डाउनलोडच्या फाइलशेजारी तिचा प्रकार आणि आकार लिहावा हे त्यात आहे. जिल्ह्यांच्या साइटी बघा, सगळ्या एनआयसीच्या एकाच साच्यावर बनलेल्या, प्रत्येक सूचनेसमोर ‘पहा (१४ एमबी)’, ‘पहा (६ एमबी)’ असं लिहिलेलं असतंच. मला हे फार आवडतं, अक्षरशः वजनकाटा समोर ठेवलाय. फक्त त्या आकड्यांची बेरीज कुणी करत नाही आणि १४ का, अर्ध्या एमबीत का बसलं नाही, हे कुणी कुणाला विचारत नाही. आणि साचा एकच आहे म्हणजे सुधारायचं झालं तर एका जागी सुधारलं की सगळे जिल्हे एकदम हलके, असली सोय खाजगीवाल्यांना स्वप्नातही मिळत नाही.

बाहेर कुणी हे करतंय का, तर करतंय. फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये डिजिटल क्षेत्राचा पर्यावरणावरचा भार कमी करायचा कायदाच केला, आणि ५० हजारांवर वस्तीच्या नगरपालिकांना १ जानेवारी २०२५ पर्यंत स्वतःचं ‘जबाबदार डिजिटल’ धोरण आखायला लावलं. पन्नास हजार म्हणजे आपल्याकडची ‘ब’ वर्ग नगरपरिषद झाली की. शिवाय तिथल्या दूरसंचार नियामकाने २०२४ मध्ये एक प्रश्नावली काढली, सेवा जुन्या फोनवर चालते का, कमी नेटवर चालते का, ही फीचर खरंच लागतात का, असे प्रश्न. इंग्लंडात सरकारी साइट एकच, तिथल्या लोकांनी २०२२ मध्ये जेक्वेरी नावाची जुनी लायब्ररी काढून टाकली, ३२ केबीची फक्त, आणि मंद नेटवाल्यांना, जुन्या फोनवाल्यांना काय फरक पडला ते मोजून जाहीर केलं. ३२ केबी! आमच्याकडे कोपऱ्यातला ‘नवीन’ असा लुकलुकणारा गिफ (हलतं चित्र) त्याहून जड असतो.

आपल्याकडे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाचा ताळेबंद द्यायला लावला, म्हणजे विचारायची पद्धत आहे, पण ती कंपन्यांना. पालिकांसाठी राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून माझी वसुंधरा अभियान आहे, पंचमहाभूतांप्रमाणे मार्क देतात, भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश. अग्नीत ऊर्जा येते. तिथे पाच मार्क वेबसाइटच्या वजनाला ठेवा, बघा स्लायडर कसे रातोरात गायब होतात. मार्क आणि नंबर म्हटलं की आपली माणसं काय वाट्टेल ते करतात.

मी एका कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला होता, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मुख्य पानाचं वजन किती, गेल्या वर्षी साइटवरून एकूण किती डेटा गेला, सर्व्हर कुठे आहे, त्याच्या विजेचं बिल किंवा युनिट किती. उत्तर आलं, स्कॅन केलेलं अर्थातच, की मागितलेली माहिती कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही, सदर काम एजन्सीमार्फत होतं. अपिलात गेलो तर साहेब चांगले होते, चहा पाजला, म्हणाले अहो आमच्याकडे जे कागदावर आहे तेच आम्ही देणार, नसेल ते कुठून आणू. आणि त्यांचं बरोबर आहे, कायदा असलेली माहिती द्यायला लावतो, नवीन मोजमाप करायला लावत नाही. म्हणजे मोजलं नाही की जबाबदारीच उरत नाही, सगळी पळवाट इथे आहे. एजन्सीला विचारलं तर ती म्हणते टेंडरमध्ये नव्हतं. टेंडर काढून बघितलं, खरंच नव्हतं. ‘आकर्षक व डायनॅमिक मुख्यपृष्ठ’ होतं.

म्हणून माझा सगळा जोर आता ग्रॅमवरून उतरून केबीवर आलाय. ग्रॅमवर भांडण होऊ शकतं, कुठलं मॉडेल, कुठली वीज, फोनचा वाटा किती. केबीवर भांडण होत नाही, कुणीही ब्राउझर उघडून दोन मिनिटांत मोजू शकतो, कॉलेजचं पोरगं पण. आणि केबी कमी झाले की डेटा सेंटरचं, फोनचं, दादाच्या पेट्रोलचं, सगळ्यांचं आपोआप कमी होतं.

वेबसाइटच्या पुढच्या निविदेत घालायला मी चार वाक्यं लिहून ठेवलीत, वकील मैत्रिणीकडून भाषा सरकारी करून घेतलीय. ‘मुख्यपृष्ठाचे एकूण वजन प्रथम भेटीत ५०० केबीपेक्षा अधिक असू नये. नागरिकांनी भरावयाचा कोणताही अर्ज किमान पाच वर्षे जुन्या मोबाइल संचावर व थ्रीजी गतीवर पूर्ण करता यावा. संकेतस्थळावर ठेवावयाचे दस्तऐवज युनिकोडमध्ये तयार केलेले व डिजिटल स्वाक्षरी केलेले असावेत, स्कॅन प्रत केवळ अपवाद म्हणून, कारणासह. एजन्सीने दर तिमाहीस प्रमुख दहा पृष्ठांचे वजन व एकूण डेटा वापर कार्यालयास लेखी सादर करावा व तो पर्यावरण सद्यस्थिती अहवालात समाविष्ट करण्यात यावा.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकदा ते लेखी सादर झालं की अभिलेखावर आलं, आणि अभिलेखावर आलं की पुढच्या वेळी माझा दहा रुपयांचा अर्ज चालतो.

कुणाच्या ओळखीत नगरपरिषदेच्या संगणक विभागात कुणी असेल तर त्यांना हे पाठवा. भाषा बदलली तरी चालेल, नाव काढून टाकलं तरी चालेल, फक्त ५०० केबीचे ५ एमबी करू नका. आणि कृपा करून प्रिंट काढून स्कॅन करून पाठवू नका.